सही न करणारे अप्पा

मन्मथअप्पा साखरे मुलाच्या बाजूनं मुलगी बघायला गेले आणि मुलालाच नापास करून परत घेऊन आले, ही गोष्ट आमच्या लातुरात अजून सांगतात. मुलगा म्हणजे अप्पांचा सख्खा पुतण्या. मुलीचं घर औशाला. पोहे झाले, चहा झाला, मुलीच्या वडलांनी कौतुकानं विचारलं, "आपण इंजिनिअर म्हणजे कशातले?" पुतण्या म्हणाला, "इलेक्ट्रिकल." तेवढ्यात अप्पांची नजर फळीवरच्या मिक्सरवर गेली. "ह्यो चालतो का?" मुलीच्या आईनं संकोचत सांगितलं, की संक्रांतीपासून बंद आहे. अप्पांनी खिशातून पेचकस काढला. हा माणूस लग्नाकार्यातसुद्धा खिशात पेचकस ठेवतो. तो पुतण्याच्या हातात देऊन म्हणाले, "घे. तेवढं करून दे त्यान्ला."

पाऊण तास पुतण्या मिक्सरशी झटत होता. मंडळी घड्याळाकडं बघत होती. शेवटी अप्पांनीच तो दहा मिनिटांत चालू केला, हात धुतले आणि मुलीच्या वडलांना म्हणाले, "पोरगं सोभावानं लई चांगलं हाय. पण इंजिनिअर न्हाई. तुमी इचार करून कळवा." त्यांनी विचार केला आणि नकार कळवला. अप्पांचा भाऊ पुढं दोन वर्षं अप्पांशी बोलत नव्हता.

"येतंय का?" हे अप्पांचं जगाला विचारणं. कुणी काही शिकल्याचं सांगितलं, की ते चष्मा कपाळावर सरकवत आणि विचारत, "मंग? येतंय का?" प्रमाणपत्र दाखवलं तर ते पालथं घालून मागची कोरी बाजू बघत आणि परत देत. भाची सोलापूरहून पोहण्याच्या शिबिराचं प्रमाणपत्र घेऊन आली. त्या साली आमच्याकडं दुष्काळ असा, की विहिरींच्या तळाशी शेळ्या बसत. अप्पांनी ते प्रमाणपत्र कपाटात ठेवून दिलं. म्हणाले, "विहिरीला पाणी आल्यावर बघू. तवर तुला पोहता येतंय असं मी म्हणणार न्हाई, आन् येत न्हाई असंबी म्हणणार न्हाई." पोरगी रडत घरी गेली.

माणसंच काय, त्यांनी जिल्ह्यालाही सोडलं नाही. आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये तेव्हा उदगीरचा वेगळा जिल्हा होणार म्हणून रोज वादावादी चाले. उदगीरचे दोन सहकारी तर दिवस मोजत होते. अप्पा वर्कशॉपमधून हात पुसत आले आणि म्हणाले, "ह्यो लातूर जिल्हा नवा झाला तवा मी चोवीस वर्साचा हुतो. पेढे खाल्ल्यात मी. नवा बोर्ड लागला, नवी जीप आली. आज चौतीस वर्सांनी पाणी रेल्वेनं यायलंय. आता इचारा तुमच्या जिल्ह्याला, येतंय का काही?" उदगीरवाले उठून वर्गावर गेले. त्यांना त्या वेळी तास नव्हता.

माझी आणि अप्पांची ओळख मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मी त्या डिप्लोमा कॉलेजात व्याख्याता, विषय पंप आणि टर्बाइन. अप्पा वर्कशॉपचे इन्स्ट्रक्टर. बुटका बांधा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात निळा कोट, आवाज मात्र असा, की लेथ मशीन चालू असतानाही शेवटच्या पोराला शिवी ऐकू जावी. आडनाव साखरे, पण तो गोडवा आडनावाशीच संपला. मी नव्यानं लागलो होतो. फळ्यावर पंपाचा छेद असा सुरेख काढायचो, की मुलं वहीत उतरवण्याऐवजी बघत राहायची. एकदा वर्कशॉपमध्ये गेलो, तर अप्पांनी साठ पोरांसमोर माझ्या हातात पाना ठेवला. "जाधव सर, तुमी पंप शिकवता न्हवं का? ह्यो जरासक उघडून दाखवा पोरान्ला."

मी उघडला. मिटवता आला नाही. एक रिंग उडून कपाटाखाली गेली ती अजून तिथंच असेल. अप्पांनी माझ्या हातातला पाना घेऊन पंप मिटवला, आणि त्याचाच मला जास्त राग आला. त्या दिवसापासून मी वर्कशॉपच्या समोरून जायचं टाळत असे. दहा वर्षं पंप शिकवला पण कधी हातात धरला नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं.

आता मूळ गोष्टीकडं येतो, म्हणजे फायलीकडं.

त्या दुष्काळी वर्षीच आमच्या कॉलेजला मान्यता देणारी समिती यायची होती. तिला हवं होतं फलनिष्पत्ती आधारित शिक्षण. शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे. मास्तरनं किती शिकवलं, किती धडे संपवले, हे मोजायचं नाही. शेवटी पोराला काय करता येतं ते मोजायचं. ते काय असावं हे आधी ठरवायचं, आणि मग तिथं पोचेल असं शिकवायचं. प्राचार्यांनी मला समन्वयक केलं, कारण माझं अक्षर चांगलं आहे. मी 'फलनिष्पत्ती आधारित शिक्षणाचे फायदे' या विषयावर सगळ्या स्टाफसमोर भाषण केलं. पडद्यावर रंगीत चित्रं, बाण, वर्तुळं. मुलाला आपण कुठं पोचायचं ते पहिल्या दिवसापासून कळतं, मास्तरला पळवाट राहत नाही, नोकरी देणाऱ्याला खरा माणूस मिळतो, वगैरे. अर्धा स्टाफ झोपला होता. शेवटच्या रांगेतून अप्पा उठले.

"सर, लई झ्याक बोललाव. एक सवाल हाय. एखाद्या पोराला न्हाईच आलं तर?"

"तर त्याला पुन्हा शिकवायचं, अप्पा."

"तरीबी न्हाई आलं तर?"

"तर पुन्हा."

"कवापर्यंत?"

आता याचं उत्तर माझ्या चित्रांत नव्हतं. मी म्हणालो, "सत्र संपेपर्यंत." अप्पा खाली बसले. "मंग त्यात नवं काय की ओ," असं शेजारच्याला म्हणाले. हळू म्हणाले असतील, पण तो आवाज मी वर सांगितलाच आहे. सगळा स्टाफ जागा होऊन हसला. मी त्या दिवशी घरी जाऊन जेवलो नाही.

मग फाइल भरायला सुरुवात झाली. मला आजही त्या फायलीची आठवण झाली की कानशिलं तापतात. प्रत्येक विषयाला एक तक्ता, तक्त्यात साठ नावं, नावापुढं 'येतं' किंवा 'येत नाही' अशी खूण, खाली शिकवणाऱ्याची सही. विचार खरोखर चांगला होता हो! मास्तरनं पोराच्या डोळ्यांत बघून लिहायचं, की याला येतं. आणि आमच्या लोकांनी काय केलं? खोलीचं दार लावलं, सामोसे मागवले आणि एका दुपारी साठ गुणिले सगळे विषय 'येतं' करून टाकले. अगदीच खोटं दिसू नये म्हणून प्रत्येक तक्त्यात दोन-दोन पोरांना 'येत नाही' करायचं ठरलं. ती कोणती, ते डोळे मिटून बोट ठेवून. वसतिगृह पाण्याअभावी बंद केल्यानं पोरं गावाहून ये-जा करणारी, कॉलेजच्या टाकीत पाल मरून पडलेली, आणि आम्ही आत बसून त्यांना सगळं येतं असं लिहीत होतो. माझ्या पंपाच्या तक्त्यावर मीच सही केली. अठ्ठावन्न जणांना येतं. मास्तरला येत नव्हतं ते सोडा.

एकच तक्ता राहिला. वर्कशॉप, पंपजोडणी. अप्पांनी तो भरून पाठवला होता. साठपैकी अठरा.

प्राचार्यांनी मला बोलावलं. ते ओरडत नसत. समजावत, आणि ते ऐकणं जास्त अवघड असे. "जाधव, अठरा दाखवले तर तो कोर्स बंद करतील. साखरेंना सांगा, सहा महिने पाणी नाही, पंप चालवून बघता आला नाही, त्यामुळं कोरड्या जोडणीवरच मार्क दिले असं दाखवू. तक्ता मी नवा करून ठेवलाय. फक्त सही आणा. समिती सोमवारी आहे."

अप्पांना मी शुक्रवारी वर्कशॉपमध्ये गाठलं. तिथं एक पिंप होतं, त्यात अर्ध्यापर्यंत गढूळ पाणी. तेच पाणी पंपानं ओढायचं, त्याच पिंपात सोडायचं, पुन्हा ओढायचं. दोन महिने त्या पाण्यावर ते पोरांची परीक्षा घेत होते. पाण्याचा वास येत होता. मी प्राचार्यांचा निरोप सांगितला.

"कोरड्यावर जोडलेला पंप पाणी उचलतंय का न्हाई, कसं सांगू?" अप्पा म्हणाले.

"सांगू नका. सही करा."

"बेचाळीस जणान्ला येत न्हाई सर. अजून शिकायलेत. मे-भर बसवतो त्यान्ला, येईल. मंग करतो."

"समिती सोमवारी आहे, अप्पा!"

"सोमवारी येत न्हाई त्यान्ला."

माझा तोल गेला. मी म्हणालो, तुम्ही हेकट आहात, तुमच्यामुळं पोरांचं नुकसान होईल, पुढच्या महिन्यात रिटायर होणारा माणूस जाता जाता सगळ्यांच्या पोटावर पाय देतोय. मी आणखी बरंच बोललो. तुम्हाला कुणाची पर्वा नाही, असंही म्हणालो. अप्पांनी पंपाचा पाइप पिंपात सोडला. मग म्हणाले, "एकडाव केलती अशी सही. आता न्हाई." आणि पाना उचलून कामाला लागले.

शनिवारी रात्रभर माझा राग गेला नाही. रविवारी सकाळी तो नवा तक्ता घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. दाराला कुलूप. अप्पांची बायको वारली त्याला आठ वर्षं झाली होती, मुलगी पुण्याला. शेजारच्या काकू गच्चीवर भांडी मांडून टँकरची वाट बघत होत्या. त्या वरूनच म्हणाल्या, "रविवारचे कुठले सापडायलेत अप्पा! सातच्या मुरुड गाडीनं जातेत. दर रविवारी. पाऊस असू नायतर मयत असू."

"कशाला?"

"काय की. पिशवीत पाना असतो."

मी मोटारसायकल मुरुडच्या रस्त्याला लावली. दहाच वाजले होते, पण ऊन चावत होतं. वाटेत मी मनातल्या मनात अप्पांशी भांडत होतो आणि जिंकत होतो. इथं आम्हाला तत्त्व शिकवतो आणि रविवारी बाहेरची कामं करतो, असं मी ठरवूनही टाकलं. मुरुडच्या स्टँडवर विचारलं, तर चहावाल्यानं लगेच पुढच्या गावाचं नाव सांगितलं. "पानावाले अप्पा न्हवं का? महादेवाच्या देवळापाशी असतेत."

देवळापाशी कडुलिंबाखाली एक हापसा होता. हापसा म्हणजे तोच तो हातपंप, दांडा मारून बोअरचं पाणी काढायचा. भोवती घागरींची रांग आणि रांगेत बायका निवांत गप्पा मारत बसलेल्या. चार गड्यांनी आतल्या सळया ओढून वर काढलेल्या होत्या. एक पांढऱ्या मिशांचा, खाकी शर्टातला माणूस जमिनीवर मांडी घालून बसला होता, आणि त्याच्यासमोर रॉकेलच्या डब्यावर अप्पा. मला बघून ते दचकले नाहीत. "बसा सर. काम चालू हाय," एवढंच म्हणाले.

मी तक्ता हातात धरून उभा राहिलो. आणि मग जे पाहिलं त्यानं माझा राग कुठं ठेवावा ते मला कळेना. अप्पा त्या म्हाताऱ्याला वायसर बसवायला शिकवत होते. पंपाच्या दट्ट्याला चामड्याची वाटी असते, तिला वायसर म्हणतात. तिचं तोंड वर असलं तर पाणी उचलतं, खाली असलं तर माणूस दिवसभर दांडा मारत बसला तरी थेंब येत नाही. पहिल्या वर्षाच्या पोराला पहिल्या तासाला सांगायची गोष्ट.

"व्यंकट, बघ. वाटीचं तोंड कुणीकडं झालंय?"

"खाली झालंय अप्पा."

"कामून झालं?"

"चुकलो की."

"असू दे. ह्यो चहाचा कप बघ. पालथा धरला तर चहा ऱ्हाईल का? न्हाई ना. मंग? आता तूच बसीव. मी बघत न्हाई."

आणि ते खरंच पाठ फिरवून बसले. ज्या माणसाच्या ओरडण्यानं आमची पोरं पाना टाकून पळत, तो माणूस लहान लेकराला घास भरवावा तसं बोलत होता. व्यंकटनं वाटी बसवली. गड्यांनी सळया आत सोडल्या. दांडा सुरू झाला. पंधरा-वीस हात कोरडे गेले, मग नळीतून घरघर आली आणि पाणी पडलं. बायका उठल्या. अप्पांनी मान हलवली आणि महादेवाचं दर्शन घ्यायला देवळात गेले.

मी व्यंकटशेजारी बसलो. अजून माझ्या आवाजात धार होती. मी विचारलं, हे काय चाललंय?

"माझा कोर्स हाय," व्यंकट म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हाच्या दुष्काळात गावोगाव बोअर पाडल्या, हापसे बसवले, आणि ते दुरुस्त करायला माणसं हवी म्हणून अप्पांच्या हाताखाली तीन महिन्यांचं प्रशिक्षण ठेवलं. व्यंकट त्यात होता. बाकी सगळं आलं, पण वाटीचं वर-खाली त्याला काही केल्या कळेना. शेवटच्या दिवशी अप्पा त्याला नापास करणार होते. "माझी माय बाहेर उनात उभी हुती. फडक्यात भाकर बांधून आलती, पोराला नोकरी लागली म्हणून समद्यान्ला वाटायला. अप्पांनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आन् सही केली."

व्यंकटला नोकरी लागली. पहिल्याच उन्हाळ्यात त्यानं शेजारच्या गावचा हापसा उघडला, मिटवला, आणि पाणी येईना म्हणून बोअर आटली असा रिपोर्ट दिला. प्रमाणपत्रवाल्या माणसाचा रिपोर्ट, कोण शंका घेणार? त्या गावच्या बायका आख्खा उन्हाळा दीड कोसावरून पाणी आणत राहिल्या. पाऊस पडल्यावर अप्पा सहज त्या वाटेनं चालले होते, त्यांनी सवयीनं तो हापसा उघडून बघितला. खाली पाणी होतं. उन्हाळाभर होतं. वाटी तेवढी उलटी होती.

"मला वाटलं आता माझी नोकरी खातील," व्यंकट म्हणाला. "पण घरी आले, मायनं दिलेली भाकर खाल्ली, आन् म्हणाले, दर रविवारी येत जाईन. तुला येईपर्यंत. मी केलेली सही खरी झाली पाहिजे."

"चौतीस वर्षं?" मी जवळजवळ ओरडलोच. "चौतीस वर्षांत तुम्हाला एक वाटी बसवता येत नाही?"

व्यंकटनं देवळाकडं बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "येतंय की सर. आठ वर्सांखालीच आलं. कसं आलं कुणाला ठावं, पण एक दिवस डोक्यात बसलं ते बसलं. तालुक्यातला एक हापसा दाखवा माझ्या हातचा बंद पडलेला. मी त्या रविवारी अप्पांना सांगणारच हुतो. पण त्या आठवड्यात अप्पांच्या घरच्या काकू गेल्या. मी मातीला गेलतो. समदे पांगले, अप्पा एकलेच वट्ट्यावर बसलते. मला म्हणाले, व्यंकट, रविवारी येतो बरं का. मंग कसं सांगू?"

"म्हणजे?"

"दर शनिवारी सांजच्याला मीच ह्यो एक हापसा उघडतो आन् वाटी पालथी करून ठिवतो."

मी त्या चार गड्यांकडं बघितलं. ते सळयांचं तेल हाताला पुसत हसत होते. रांगेतली एक म्हातारी घागर सरकवत म्हणाली, "बोअरलाबी सकाळी जरा इसावा मिळतो, पाणी भरून येतं. आमच्यात ह्याला अप्पाचा हापसाच म्हणतेत." सगळं गाव सामील होतं.

पुढं कॉलेजचं काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो, कारण ते शेवटी सांगावं एवढी त्याची लायकी नाही. सोमवारी मी प्राचार्यांच्या टेबलावर अप्पांचा अठरावाला तक्ता ठेवला. माझा अठ्ठावन्नवाला फाडला आणि तोही नवा लिहून दिला. त्यात अकराच होते, आणि बारावा म्हणून मास्तरला धरावं तर त्यालाही येत नव्हतं. प्राचार्यांनी दोन्ही शांतपणे ड्रॉवरमध्ये घातले. समितीसमोर गेले ते दुसरेच तक्ते, दुसऱ्याच कुणाच्या सह्यांचे. समितीनं फायलींची जाडी बघून समाधान व्यक्त केलं. फलनिष्पत्तीच्या फायद्यांबद्दल आमच्या कॉलेजचं कौतुक झालं आणि मला गुलाबाचं फूल मिळालं. ते फूल मी वर्कशॉपच्या कचऱ्यात टाकलं. अप्पांनी मे महिनाभर त्या घाण पाण्याच्या पिंपावर बेचाळीस पोरांना बसवलं, आणि मीही त्यांच्यात बसलो. मला आता पंप उघडता येतो आणि मिटवताही येतो. अप्पांनी तसं लिहून दिलेलं नाही, पण "बरं" असं एकदा म्हणाले आहेत.

तर त्या रविवारी. अप्पांना मी मोटारसायकलवर मागं बसवलं आणि मुरुडला चहाला थांबलो. प्राचार्यांचा तक्ता मी खिशातून काढलाच नाही. शुक्रवारी मी या माणसाला, तुम्हाला कुणाची पर्वा नाही, असं म्हणालो होतो. ते शब्द मला गिळता येत नव्हते.

अप्पांनी पिशवीतून एक जुनी वही काढली. पुठ्ठा गेलेला, दोऱ्यानं बांधलेली. त्या पहिल्या प्रशिक्षणाची. एकेका नावापुढं शाईनं 'येतं'. एका नावापुढं 'येतं' लिहून खोडलेलं, आणि पुढची जागा मोकळी. व्यंकट सूर्यवंशी.

"पुढच्या महिन्यात रिटायर होतो," अप्पा म्हणाले. "समदी कागदं पुरी करून जावं माणसानं. एवढं एकच ऱ्हायलंय."

मी म्हणालो, "अप्पा, आज तर त्यानं बरोबर बसवली. तुम्ही पाठ फिरवून बसला होता. पाणी आलं. मग लिहा की."

अप्पांनी बशीतल्या चहावर फुंकर घातली. मग म्हणाले, "जाधव सर, चामड्याचं वायसर आठवडाभर पाण्यात ऱ्हायलं की फुगतं, काळं पडतं. व्यंकटच्या वायसरला दर रविवारी ताजं तेल असतंय. आदल्या दिवशी कुणीतरी उघडल्याबिगर तेल ताजं ऱ्हाईल का?"

मी कप खाली ठेवला. "म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"पानं हातात धरून जन्म गेला माझा."

"कधीपासून?"

"ती गेली त्याच्या पुढच्याच रविवारपासून."

मला भडकून उठावंसं वाटलं. अठरा म्हणजे अठरा म्हणणारा, सख्ख्या पुतण्याचं लग्न मोडणारा, भाचीला रडवणारा माणूस! आठ वर्षं एका माणसाला सगळं येत असताना, 'येतं' एवढं लिहीत नव्हता. मी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि वहीवर ठेवलं. म्हणालो, "मग करा सही. ही तरी खरी आहे."

अप्पांनी पेन उचललं. व्यंकटच्या नावापुढच्या मोकळ्या जागेवर टोक नेलं. मग टोपण लावलं आणि पेन माझ्या खिशात परत खोचलं.

"येतंय असं लिव्हलं की कोर्स संपतो, सर," ते म्हणाले. "मंग पोरं जातेत." वही दोऱ्यानं बांधून त्यांनी पिशवीत पान्याशेजारी ठेवली. "पुढच्या रविवारी बघू."